इंडियन ओशन इंदुरात: कन्सोलसमोरची जागा

मैदानावरच्या कार्यक्रमात आवाज सगळ्यात नीट कुठे ऐकू येतो, याचं माझ्यापुरतं उत्तर ठरलेलं आहे: साउंड कन्सोलच्या समोर. आवाज मिसळणारा माणूस तिथे उभा राहून ऐकतो आणि स्वतःच्या कानाला पटेल तसं सगळं बेततो. त्याच्या कानांच्या जितकं जवळ उभं राहाल, तितकं मंचावर चाललेलं खरं तुमच्यापर्यंत पोचतं. इंडियन ओशन हा दिल्लीचा बँड मी त्यांचा ‘कंदीसा’ हा अल्बम आला तेव्हापासून, म्हणजे २००० पासून ऐकतोय. डिसेंबरात त्यांचा कार्यक्रम इंदुरात, बायपासकडच्या एका मैदानावर होता, तेव्हा तिकिटापासून बुटांपर्यंत सगळी तयारी मी या एका जागेसाठी केली. काय केलं, कुठे अडलं आणि का अडलं, ते लिहितो.

याच बँडसाठी जागेचा एवढा आग्रह का, ते आधी सांगायला हवं. इथे ड्रम्स आणि तबला एकाच वेळी वाजतात. बेस गिटार नुसता आधार देऊन थांबत नाही, कित्येकदा चालच तिच्यावर असते. किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), बेस आणि डग्गा या तिघांचा मुक्काम खालच्या सुरांत. मैदानावर खालचा आवाज फुगला की सगळ्यात आधी हरवतो तो डग्ग्याचा घुमारा, मनगट दाबून स्वर वर चढवतात तो. तो गेला की तबला म्हणजे नुसती टकटक उरते, आणि या बँडचं बँडपण त्या घुमाऱ्यात आहे असं मला ठामपणे वाटतं.

दुसरी तयारी कानांची. सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांनी १९९० मध्ये दिल्लीत बँड सुरू केला, पुढे बेस वाजवणारे राहुल राम आणि १९९४ मध्ये ड्रमर अमित किलम आले, आणि आपण जुने ऐकणारे या चौघांच्या आवाजावर वाढलो. असीमदा तबला वाजवता वाजवता गायचे. ठेका आणि गळा एकाच श्वासातून यायचा. २५ डिसेंबर २००९ ला ते गेले. सुस्मित सेन २०१३ मध्ये बाहेर पडले. आता हिमांशु जोशी गातात, तुहीन चक्रवर्ती तबल्यावर असतात आणि गिटार निखिल राव यांच्याकडे आहे. जुना अल्बम घोळवत कार्यक्रमाला गेलं तर पहिली तीन-चार गाणी मनात तुलना करण्यात जातात आणि समोरचं वाजणं निसटतं. म्हणून आधीचा आठवडाभर मी फक्त २०१४ चा ‘तंदानु’ आणि २०२३ चा ‘तू है’ ऐकले. ‘कंदीसा’ला हातही लावला नाही. याचा इतका उपयोग झाला की कोणत्याही जुन्या बँडच्या कार्यक्रमाआधी मी हेच सुचवेन: अलीकडच्या वर्षांतलं ऐकून जा, जुनं तिथे आपोआप भेटतं.

तिकीट घेताना मंचाजवळचा महागडा भाग घ्यायचा मोह होतो. त्याआधी मैदानाचा नकाशा मोठा करून कन्सोल कोणत्या भागात येतो ते बघावं. नकाशावर नसेल तर आयोजकांना फोन करून सरळ विचारावं, सांगतात. मंचाच्या अगदी पुढे उभं राहिलं की मुख्य स्पीकरांची टांगलेली माळ तुमच्या डोक्यावरून आवाज मागे फेकते. पुढच्यांना मिळतात ते मंचाच्या कडेला ठेवलेले छोटे स्पीकर, थेट ड्रम्स आणि अँप्लिफायर. गाणाऱ्याचा शब्द तिथेच सगळ्यात अस्पष्ट असतो. इथे कन्सोल मधल्या दराच्या भागात होता, त्यामुळे पैसेही वाचले. तिकिटाचा क्यूआर कोड मात्र घरच्या वायफायवर उघडून फोनमध्ये उतरवून ठेवावा. काही ॲपमध्ये कोड सारखा बदलत राहतो, स्क्रीनशॉट चालत नाही. अशा वेळी फाटकाच्या दोनशे मीटर आधी, रेंज असतानाच तिकीट उघडून फोन तसाच हातात ठेवायचा. फाटकापाशी हजारो फोन एकाच टॉवरवर लटकलेले असतात आणि गोल चकरी फिरत राहते. माझ्या पुढचे सहा-सात जण तेवढ्यासाठी बाजूला काढले गेले.

बरोबर काय घेतलं: इअरप्लगची डबी, ओळखपत्र, ५० आणि १०० च्या नोटांत पाचशे रुपये, मोठा सुती रुमाल आणि पातळ स्वेटर. बस. पाण्याची बाटली, पॉवर बँक, अत्तर, लायटर, छत्री हे फाटकावर काढून घेतात. काही ठिकाणी सुटी नाणीसुद्धा. हेल्मेटचं तर हमखास अडतं. पार्किंगमध्ये ठेवायला जागा नाही आणि आत नेऊ देत नाहीत. “भिया, ये अंदर नी जाएगा,” एवढंच ऐकायला मिळतं. दीड हातभर लांबीची नंबरवाल्या कुलपाची केबल हनुवटीच्या पट्ट्यातून ओवून गाडीच्या मागच्या दांड्याला बांधली की प्रश्न मिटतो. पट्टा कापता येतो हे खरं, पण नुसतं आरशाला अडकवण्यापेक्षा कितीतरी बरं. रुमाल धुळीसाठी. आपल्याकडची काळी माती कोरडी असली की हजारो पायांखाली पिठासारखी उडते, आणि आदल्या दिवशी मावठा झालेला असला तर बुटाला किलोभर चिकटते. दोन्हीसाठी उत्तर एकच: जाड तळव्याचे बंद बूट. चपला-सँडल घालून साडेचार तास उभं राहता येत नाही.

राजेंद्रनगरहून सव्वाचारला निघालो. पाऊण तास धरला होता, सत्तर मिनिटं लागली; शनिवारी संध्याकाळी शहर आडवं ओलांडायचं तर एवढी मुभा ठेवावीच. खाणं निघण्याआधी घरीच उरकलं, कारण आतल्या स्टॉलवर रांग लावली की जागा जाते. अर्धा लिटर पाणी पाच वाजता, मग साडेसहाला स्वच्छतागृह, त्यानंतर कार्यक्रम संपेपर्यंत एक-दोन घोट. हे वेळापत्रक पाळलं तरच जागा टिकते. गाडी लावताना तोंड बाहेरच्या दिशेला करून लावायची आणि जवळच्या खांबाचा किंवा बॅनरचा फोटो काढून ठेवायचा. अंधारात सगळ्या रांगा सारख्याच दिसतात.

आत पोचलो साडेपाचला. कन्सोल मधोमध नव्हता, थोडा डावीकडे सरकवलेला होता. मैदानावर असं बरेचदा करतात, मधली रेघ कॅमेऱ्यांसाठी मोकळी ठेवायला. अशा वेळी मैदानाचा मध्य धरायचा की कन्सोल? कन्सोल. कारण खालच्या सुरांचे मोठे खोके मंचाच्या डाव्या-उजव्या बाजूला रचलेले असतात. बरोबर मधल्या रेघेवर दोन्हीकडचा आवाज एकाच क्षणी पोचतो आणि बेरीज होते, म्हणून तिथे बेस छातीत बसतो. रेघेपासून बाजूला सरकलं की एका बाजूचा आवाज उशिरा येतो आणि काही स्वर एकमेकांना मारतात. खोके चौदा-पंधरा मीटर अंतरावर असतील आणि तुम्ही मंचापासून तीसेक मीटरवर असाल, तर मध्यापासून साधारण सहा मीटर सरकल्यावर ६० हर्ट्झच्या आसपासचा बेस जवळपास नाहीसा होतो. ६० हर्ट्झची लाट साडेपाच-पावणेसहा मीटर लांब असते, तिच्या निम्म्या अंतराचा फरक पडला की हे होतं. म्हणजे पाच-सात पावलांत आवाज बदलतो. ज्यांना वाटतं की साउंडच खराब होता, त्यातले कितीतरी जण चुकीच्या पाच पावलांवर उभे असतात.

हे तपासायची वेळ म्हणजे बँड येण्याआधीची, रेकॉर्ड केलेली गाणी लावलेली असतात तेव्हाची. मैदान अर्धं रिकामं असतानाच कन्सोलच्या पुढ्यात डावीकडून उजवीकडे सावकाश चालत गेलो, नजर जमिनीवर, लक्ष फक्त बेसकडे. दोन ठिकाणी तो फुगला, एका ठिकाणी अचानक पातळ झाला. कन्सोलभोवतीच्या कठड्याच्या उजव्या खांबापासून दोन पावलं आत, तिथे बेस भरीव होता आणि वरची झांजही स्वच्छ होती. तिथेच कठड्याला पाठ टेकवली. मागे कठडा असल्याने मागून ढकलाढकली नाही आणि साडेचार तासांत कंबरेला जो आधार मिळतो तो वेगळाच. कन्सोलच्या मागे मात्र उभं राहू नये. वरचा तंबू आणि आतली माणसं, दोन्ही मिळून वरचे स्वर अडवतात.

एक गोष्ट लक्षात ठेवायची. रिकाम्या मैदानात ऐकलेला आवाज भरल्यावर तसाच राहत नाही. माणसांची अंगं, त्यातून थंडीतले स्वेटर-जाकिटं, वरचे स्वर शोषून घेतात. संध्याकाळी झांज जराशी टोचत असेल तर रात्री ती बरोबर बसते. संध्याकाळी गोड लागत असेल तर रात्री दबलेली वाटेल. वाऱ्याचंही तसंच: झुळूक आली की वरचे स्वर लहरतात, खालचे जागच्या जागी राहतात. याला इलाज नाही, फक्त कारण माहीत असलं म्हणजे मन गाण्यावर राहतं.

ज्यांना मागेच उभं राहावं लागतं त्यांनी मैदानाच्या मध्यावर उभारलेल्या दुसऱ्या स्पीकरांच्या खांबांपुढे जागा धरावी. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे साठ मीटरवर पोचायला सेकंदाचा सहावा भाग. म्हणून त्या खांबांतला आवाज मुद्दाम तेवढाच उशिरा सोडलेला असतो, दोन्ही एकत्र कानावर पडावेत म्हणून. खांबाच्या मागच्या बाजूला गेलात की हे जुळत नाही आणि टाळ्या दोनदा ऐकू येतात.

आता इअरप्लग. याबद्दल लोकांना संकोच वाटतो, गाणं ऐकायला यायचं आणि कानात बोळे घालायचे कसे? पण हिशेब साधा आहे. ८५ डेसिबल आठ तास चालतात. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला पंधरा मिनिटं. फोनमधल्या मीटरवर माझ्या जागी ९५ ते ९९ दिसत होतं. हे आकडे ढोबळच धरायचे, फोनचा माइक एवढ्या आवाजात गडबडतो. तरी दोन तासांहून जास्त वेळ उघड्या कानांनी तिथे उभं राहणं म्हणजे ऐकण्याच्या पुंजीतून खर्च करणं.

फोमचे पिवळे-केशरी बोळे घेऊ नयेत. ते आवाज पुष्कळ कमी करतात, पण वरचे स्वर जास्त कापतात. तबल्याची किनार, गिटारच्या तारेवरचा नखाचा स्पर्श, शब्दांतले स आणि श गेलेच समजा. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी मिळतात ते सिलिकॉनचे, आत छोटी जाळी असलेले घ्यावेत. ते सगळेच स्वर साधारण सारखे, पंधरा-वीस डेसिबलने खाली आणतात. आवाज तोच, फक्त दूर गेल्यासारखा. बसवण्याची रीत अशी: उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि किंचित मागे ओढायचा, म्हणजे आतली वाट सरळ होते. मग उजव्या हाताने प्लग हलकेच फिरवत आत. तोंड मिटून ‘म्म्म’ म्हणून बघायचं. स्वतःचा आवाज डोक्याच्या आतून, भरीव आला तर बसला. अर्धवट बसला तर उलटंच होतं, बेस फटीतून आत येतो आणि फक्त वरचे स्वर कापले जातात. ‘प्लग घातले की सगळं गढूळ होतं’ ही तक्रार बहुतेक वेळा याच फटीची असते. आणि ते पहिल्या गाण्याआधी घालायचे. एकदा कान मोठ्या आवाजाला सरावला की मध्येच घातलेले प्लग सहन होत नाहीत. माझ्या शेजारी एक काकू होत्या, नातवाला खांद्याशी धरून. त्याच्या कानांवर मोठे इअरमफ होते. लहान मुलांसाठी तेच योग्य, प्लग नकोत.

छापलेली वेळ सातची, सुरुवात सात पस्तीसला झाली. इथे ध्यानात घ्यायचं ते शेवटाचं गणित. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद असतो, खास सवलतीचे मोजके दिवस सोडून. त्यामुळे सुरुवात लांबली तर शेवट लांबत नाही, मधली गाणी कमी होतात. उशिरा पोचणारा माणूस गेलेलं गाणं परत मिळवू शकत नाही.

पहिल्या दोन गाण्यांत डग्गा बेसखाली दबलेला होता. दव पडायला लागलं होतं, आणि दमट हवेत कातडं सैल पडून सूर उतरतो; दोन गाण्यांच्या मध्ये तबल्याच्या लाकडी गट्ट्यांवर हातोडी सतत चालत होती. माझ्या पाठीमागे कन्सोलवर एक हात हळूहळू खाली आला, बेसची पट्टी बोटभर उतरली, आणि तिसऱ्या गाण्यात तो घुमारा मोकळा झाला. कन्सोलसमोर उभं राहिल्याचं सार्थक तिथे झालं. हा बदल मला त्या हाताबरोबरच कळला.

अमित किलम ड्रम्स सोडून गबगुबी हातात घेतात तो भाग जवळून बघण्यासारखा असतो, मोठ्या पडद्यावर का होईना. बंगालातल्या बाउल गायकांचं वाद्य, छोट्या मडक्यासारखं, तळाला कातडं. कातड्यातून निघालेली तार डाव्या मुठीत ताणून धरायची, उजव्या हाताने छेडायची. मूठ ओढली की स्वर चढतो, सैल सोडली की पाण्यात बुडल्यासारखा खाली येतो. माइक वीतभरही लांब गेला तर हे सगळं मैदानात विरून जातं. त्यामुळे अशा जागी एखादा क्षण आवाज दबला तर वैतागू नये. माइक वाद्यापाशी आला की येतो.

‘मा रेवा’ हे नर्मदेचं लोकगीत राहुल राम यांच्या नर्मदा बचाव आंदोलनातल्या दिवसांतून बँडकडे आलं. इंदुरात ते ऐकण्याला वेगळा अर्थ आहे. आपल्या नळाला येणारं पाणी नर्मदेचंच, नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर पाइपांतून वर चढवून आणलेलं. आणि नदीकाठची किती गावं धरणांच्या पाण्याखाली गेली, हेही इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. मैदान गात होतं. शेजारच्या काकूंनी हात जोडले होते. याच गाण्यात पुढची सगळी माणसं फोन वर धरतात, तेव्हा पडद्याकडे न बघता डोळे मिटून घेणं मी पसंत करतो. बेस कुठे चाल सोडतो आणि गळा कुठे उचलतो ते मिटल्या डोळ्यांनी जास्त कळतं.

‘बंदे’ला प्रतिसाद सगळ्यात मोठा. त्याचे शब्द ग्वाल्हेरच्या पीयूष मिश्रांचे, म्हणजे आपल्याच मुलखातले. इथे आवाज पाच-सहा डेसिबलने वर जातो, त्यातला बराचसा गर्दीचा असतो. प्लग काढायचा मोह होतो तो याच गाण्यात, आणि काढू नयेत तेही याच गाण्यात.

‘कंदीसा’ हे गाणं शेवटाकडे आलं. पूर्वेकडच्या सिरियाक ख्रिस्ती परंपरेतली ही प्राचीन प्रार्थना, शब्दाचा अर्थ ‘पवित्र’. सुरुवात इतकी हळू की मागच्या स्टॉलवरच्या कढईचा आवाजही आड येतो. म्हणून गंभीर ऐकणाऱ्यांच्या घोळक्यात असणं महत्त्वाचं, आणि असे लोक बहुधा कन्सोलभोवतीच सापडतात. मध्ये तबला थांबला, तीन गळे एकावर एक आले. असीमदांचा आवाज आठवला, आठवणारच होता. पण त्या क्षणी समोरचे तिघं पुरेसे होते. पूर्ण पुरेसे.

नऊ पंचावन्नला दिवे लागले. आता घाई करायची नाही. पहिली वीस मिनिटं फाटकाशी सगळ्यात वाईट कोंडी असते. कठड्यापाशी बसून बूट सैल केले, पाणी प्यायलो, सव्वादहाला निघालो आणि अकराच्या आत सराफ्यात, म्हणजे रात्री खाऊगल्ली होणाऱ्या सराफा बाजारात. सोन्याची दुकानं मिटलेली, कढया पेटलेल्या. थंडीत गराडू हा कंद मिळतो. तळलेल्या गरम फोडींवर जीरावन मसाला आणि लिंबू. धुळीने खरवडलेल्या घशाला आधी साधं गरम पाणी मागून घ्यावं, मग गराडू, थंड शिकंजी त्या रात्री नको.

घरी आल्यावर कान तपासले. प्लग घातल्याने शिट्टी वाजत नव्हती. वाजत असेल तर दुसरा दिवस शांत ठेवायचा, हेडफोन बंद. दोन दिवसांत थांबली नाही तर कानाच्या डॉक्टरांकडे. प्लग कोमट साबणाच्या पाण्यात धुतले, जाळी आधी काढून ठेवली कारण तिच्यात पाणी गेलं की ती बाद होते, आणि रात्रभर रुमालावर सुकत ठेवले.